मांजरीचा वळसा

"शिस्त नसेल तर राष्ट्र रसातळाला जातं!" अशी गर्जना करून निवृत्त हेडमास्तर अप्पा टिपणिसांनी कात्री उचलली आणि मांजरीच्या वेड्यावाकड्या मिशा दोन्ही बाजूंनी सारख्या केल्या. राष्ट्र सावरलं. मांजरी तेवढी चौकटीवर धडकली.

धडकण्याचं अप्पांना फारसं वाटलं नाही. ते हादरले पुढच्या गोष्टीने. पत्नी कुमुदिनीबाई जाऊन वर्ष झालं होतं, तरी त्या स्वयंपाकघरात जिथे विळी मांडून बसायच्या, त्या मोकळ्या जागेला मांजरी रोज वळसा घालून जायची. अप्पा कुणाला बोलले नव्हते, पण चहा ते त्या जागेसमोर बसूनच प्यायचे. आज मांजरी तिथून सरळ चालत गेली. घर प्रथमच रिकामं वाटलं.

"काका, मिशांनी तिला हवेची हालचालसुद्धा कळते," अप्पांनी तिला दाखवायला नेलं तेव्हा जनावरांच्या डॉक्टरीणबाई कडाडल्या. "वाढतील परत. पण पुन्हा कात्री लावलीत, तर तुमच्याच उतरवीन!"

गणपती येऊन गेले. मिशा वाढल्या, पुन्हा वेड्यावाकड्याच. एका सकाळी मांजरी त्या जागेपाशी थबकली, तिने मिशा पुढे ताणल्या आणि अदबीने वळसा घालून गेली.

अप्पांनी हातातली कपबशी खाली ठेवली.

"बसली आहेस होय?" ते मोकळ्या फरशीला हळूच म्हणाले. "मग आमटीत आधी चिंच घालायची की गूळ, तेवढं सांग."