साहेबांनी चहा घेतला

पाण्याचा पेला भरलेलाच परत आला. तेजरामची बायको तुळसा खट्टू झाली, पण तेजरामने तिला डोळ्यांनीच गप्प केलं. पुंडलिकराव ऑडिटर कोणाच्या घरचं पाणी पीत नाहीत, हे मोहाडी तालुक्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आणीबाणीत म्हणे त्यांनी आमदाराच्या ओट्यावरही चहा नाकारला होता. खांद्याला पाण्याची छागल, पिशवीत घरून बांधून आणलेला चिवडा, आणि गावोगावच्या सोसायट्या तपासत हिंडायचं. भंडाऱ्याच्या ऑफिसात महिन्यातून एकदा तोंड दाखवायचं, बाकी सारं टपालाने. माणूस पार थकला होता. गुडघे बोलायला लागले होते, पण नियम म्हणजे नियम.

तेजराम हा गावच्या धान सोसायटीचा सेक्रेटरी. त्याचा जीव टांगणीला लागला होता, आणि त्याला कारणही तसंच होतं. ऐन श्रावणात गोदामाचं छत गळलं आणि मागच्या थप्पीतलं धान सडलं. तेव्हाच वर कळवलं असतं तर बोलणी खाऊन सुटला असता. पण त्याला बोलण्यांचीच भीती. त्याने सडकं धान बैलगाडीत घालून नाल्यात नेऊन टाकलं, पोत्यांत कोंडा भरला आणि थप्पी होती तशी रचून ठेवली. आता हे उघडं पडलं तर नोकरी तर जाणारच, वर गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही. तेव्हापासून त्याला अन्न गोड लागत नव्हतं. खरं बोलायला एक घटका लागते हो, खोटं सांभाळता सांभाळता मात्र माणूस अर्धा होतो.

आशा एकच होती. मागच्या साली शेजारगावच्या बाबूलाल सेक्रेटरीकडे पुंडलिकरावांनी चक्क चहा घेतला होता, बशीत ओतून, फुरके मारत. पुढे थोड्याच दिवसांत बाबूलाल बायकापोरं घेऊन नागपूरला गेला. नशीब उघडलं गड्याचं, असं लोक म्हणत. साहेबाला चहा पाजला ना त्याने! खाल्ल्या मिठाला कोण जागत नाही? तेव्हापासून तालुक्यातला जो तो सेक्रेटरी पुंडलिकरावांपुढे कपबशी घेऊन उभा राहायचा, आणि साहेब हात जोडायचे.

गोदाम उघडलं. पोत्यात खुपसून धान काढायची लोखंडी नळी, परखी, साहेबांनी स्वतःच हातात घेतली. पुढच्या थप्पीत खुपसली, तळहातावर दाणे घेतले, एक दाताखाली फोडला. धान वाळकं, खडखडीत. मग बाजूची थप्पी. तिथेही तसंच. तेजराम प्रत्येक खेपेला मनात देवाचं नाव घेत होता.

मागच्या थप्पीपाशी आल्यावर साहेबांचा दम सरला. त्यांनी परखी भिंतीला टेकवली आणि कोपऱ्यातल्या पोत्यावर अंग टाकलं. ते नेमकं कोंड्याचंच पोतं होतं. पण साहेबांनी डोळे मिटले होते. बराच वेळ ते तसेच बसून राहिले, आणि तेजरामला वाटलं, म्हाताऱ्याला डुलकी लागली. बरं झालं.

"बरं वाटलं इथं," साहेब शेवटी म्हणाले. मग वर छताकडे पाहिलं. "पाणी लय पडलं यंदा. काही सांगाचं हाय काय, तेजराम?"

"काही नाही साहेब. सारं बराबर हाय."

साहेब गुडघ्यावर हात रेटून उठले, पँट झटकली. दाराशी थांबून त्यांनी पुन्हा तेच विचारलं, जरा हळू आवाजात. तेजरामनेही पुन्हा तेच सांगितलं. साहेबांनी मान हलवली आणि मुक्कामाला दिलेल्या शाळेच्या खोलीकडे निघून गेले. परखी मागच्या थप्पीला लागलीच नाही, हे आठवून आठवून तेजराम त्या दिवशी बऱ्याच काळाने पोटभर जेवला.

सकाळी साहेबांनी त्याची सायकल मागितली. पुढच्या गावाची बस दुपारी होती, तोवर जरा पाय मोकळे करतो म्हणाले. तेजरामने हौसेने चेनला तेल दिलं, हवा भरली, सीट पुसली. साहेब वरठीच्या सडकेने गेले ते उन्हं चढल्यावर परतले. घामाघूम झाले होते. तेजरामच्या ओट्यावर बसले, छागल काढून बाजूला ठेवली आणि आत बघून म्हणाले, "माय, चहा ठेवता काय?"

तुळसा दुधासाठी शेजारी धावली. तेजरामचं इतक्या दिवसांचं ओझं एकदम उतरलं, आणि उतरल्यावरच कळलं की आपण किती दमलो होतो. साहेबांनी चहा बशीत ओतला, फुंकर घालून सावकाश प्याले. चांगला झाला म्हणाले. तुळसाने आणखी विचारलं तर नाही म्हटलं नाही. तेजरामचे डोळे भरून आले. पाया पडावं की काय असं त्याला वाटलं.

"साहेब, आमच्या गरिबाकरता तुमी नियम मोडला," तो म्हणाला.

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. फार थकलेले दिसत होते.

"दोनदा विचारलं तुले, तेजराम. धानाच्या पोत्यात माणूस असा रुतत नाही." त्यांनी बशीतला शेवटचा घोट घेतला. "अन् नियम नाही मोडला मी. रिपोर्ट टपालात पडला का मंग मी कोणाच्याबी घरी चहा पितो. बाबूलालकडंबी असाच प्यालो होतो."