आयुषचा झकास रेझ्युमे

संत्र्याचा ज्यूस काढणाऱ्या कंपनीत खरेदी अधिकाऱ्याची जागा निघाली, तसा आयुषने धरमपेठेतल्या कम्प्युटरच्या दुकानातून झकास रेझ्युमे करून आणला.

"माझ्यासंगं तीन वर्षं कळमन्याच्या बाजारात संत्र्याचे सौदे केले, ते त्यात टाकलं काय गा?" वडिलांनी, कवडूजींनी विचारलं.

"बाबा, ऑफिसच्या नोकरीले असं कोणी लिहिते काय?"

त्या तीन वर्षांच्या जागी आयुषने दोन कम्प्युटर कोर्स बसवले होते. बाजार उरला होता तो फक्त तळाच्या ओळीत. वडिलांचा व्यवसाय: संत्र्याचा व्यापार, कळमना, तीस वर्षे.

चौथ्या दिवशी कंपनीतून फोन आला.

 

"रेझ्युमे फार आवडला आम्हाला. वडील कधीपासून जॉइन होऊ शकतील?"