पाहुण्याची बिअर

डेलने अनीशच्या बिअरचा घोट घेतला, तोंडात फिरवला आणि म्हणाला, "ओला पुठ्ठा."

गॅरेजमधले सातआठ जण हसले. सगळ्यांत मोठ्याने हसला तो अनीशच. बाटल्या भरताना आत हवा गेली आणि चव बिघडली, हे त्यालाही ठाऊक होतं. त्याने दोन्ही बाटल्या उचलल्या आणि कोपऱ्यातल्या सिंकमध्ये सगळ्यांसमक्ष ओतून टाकल्या. अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या या गॅरेजात महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी घरी बिअर करणारी हौशी मंडळी जमत, आणि बिअरच्या बाबतीत कुणी कुणाची भीड ठेवत नसे.

मग प्रल्हादरावांनी आणलेल्या सहा बाटल्यांतली पहिली आली. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी केलेली पहिलीवहिली बिअर. लेकीकडे राहायला येऊन त्यांना दीड वर्ष झालं होतं, आणि 'राधिकाचे बाबा' म्हणून नाही तर प्रल्हाद म्हणून ते जात अशी ही एकच जागा. सांगलीच्या डेअरीत पस्तीस वर्षं दूध पास-नापास केलेला माणूस. आंबवणं हा आपल्या डाव्या हातचा मळ, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. घरी एकही बाटली उघडली नव्हती. पहिला घोट मंडळींबरोबरच घ्यायचा, असं ठरवून इस्त्रीचा शर्ट घालून आले होते.

ग्लास फिरले.

"इंटरेस्टिंग," सुझन म्हणाली.

"व्हेरी युनिक," मागून कुणीतरी म्हणालं.

"काका, पहिल्याच फटक्यात! मस्त यार," म्हणत अनीशने भरलेला ग्लास हळूच टेबलावर ठेवला. डेल नुसता हसला.

प्रल्हादरावांनी स्वतः घोट घेतला. नेलपॉलिश पुसायच्या औषधाचा भपकारा नाकात गेला.

बिअर बिघडली याचं त्यांना वाईट वाटलंच, पण खरं लागलं ते 'इंटरेस्टिंग'. हे गोड बोलणं त्यांच्या चांगल्या ओळखीचं होतं. राधिकाच्या ऑफिसची माणसं घरी आली की अशीच दोन गोड वाक्यं त्यांच्या हातावर ठेवत आणि मग आपापसात गप्पा मारत. इथेही आपण पाहुणेच, हे त्यांना सोसवेना.

"अनीश," ते म्हणाले, "तुझी ओतलीस. माझी का नाही ओतायची?"

"काका, तुमची पहिलीच आहे ना. लोक एन्करेज करतायत."

"एन्करेज बालवाडीतल्या पोरांना करतात."

आणि ते डेलकडे वळले. नळजोडणीच्या कामातून निवृत्त झालेला हा आडदांड गडी म्हणजे इथला शेवटचा शब्द. प्रल्हादरावांचं इंग्रजी ओबडधोबड होतं, पण आवाज डेअरीतून नापास दुधाचा टँकर परत पाठवतानाचा होता. "डेल, यू टोल्ड हिम. नाऊ टेल मी."

डेलने ग्लास पुन्हा उचलला, वास घेतला.

"यीस्ट घातलंस तेव्हा मिश्रण किती गरम होतं?"

"कोमट." प्रल्हादरावांनी करंगळी वर केली. "बोट बुडवून पाहिलं. दह्याला विरजण लावताना बघतो तसं."

"थर्मामीटर?"

"घरी पन्नास वर्षं हेच थर्मामीटर."

"दह्याला चालत असेल. हे यीस्ट तेवढ्या उष्णतेत पिसाळतं. निदान तीस अंश फॅरनहाइट जास्त गरम होतं तुझं." डेलने ग्लास खाली ठेवला. "प्रल्हाद, ही बिअर नाही, रंग खरवडायचं औषध आहे. ओतून टाक."

"डेल!" सुझन ओरडली.

प्रल्हादराव उठले. सहाच्या सहा बाटल्या त्यांनी सिंकपाशी नेल्या आणि एकेक करून उपड्या केल्या. शेवटची रिकामी होईतो डेल शेजारी येऊन उभा राहिला होता.

"मंगळवारी सकाळी मी बिअरचा नवीन घाणा लावतोय," तो म्हणाला. "आठला ये. पातेली घासायला माणूस कमी आहे. आणि उशीर केलास तर तुझ्यावाचून सुरू करीन."

"मी साडेसातला येतो," प्रल्हादराव म्हणाले.

पाचला राधिका न्यायला आली. गाडीत बसताबसताच तिने विचारलं, "बाबा, कशी झाली? आवडली का त्यांना?"

"आवडली कसली!" सीटबेल्ट लावत प्रल्हादराव ऐटीत म्हणाले. "सगळ्यांदेखत ओतून टाकायला लावली मला."