बटण दाबा, हसा

"आज आपल्या शाळेत काळ्या माणसांचा इतिहास जिवंत होणार आहे!" अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरातल्या शाळेत मुख्याध्यापकांनी गर्जना केली, आणि इतिहासाला बाकावर चढून पुतळ्यासारखं गप्प उभं राहायला सांगितलं. प्रत्येक मूल एकेक नामवंत काळी व्यक्ती बनलेलं, छातीवर कागदी लाल बटण. पाहुण्यांनी ते दाबलं, तरच बोलायचं.

दहा वर्षांची डेनिशा झाली होती तिच्या आजीची लाडकी विनोदी नटी, अर्नेस्टीन पूल. तिने दोन वाक्यं लिहून आणली होती. "मी दोन हजार माणसांना पोट धरधरून हसवायची," हे वर्गशिक्षिका हॉलिस्टरबाईंनी ठेवलं. "पण गोऱ्यांच्या त्या थिएटरात मला संडासात जाऊ देत नसत," हे खोडलं. "आनंदाचा दिवस आहे गं. कशाला उगाच?"

सकाळपासून पाहुणे बटण दाबत होते आणि डेनिशा डोळे गरागरा फिरवून बोलत होती. मध्ये दोनदा तिने हात वर केला.

"आत्ता नको, राणी. सगळी गर्दी तुझ्यापाशीच तर आहे!" हॉलिस्टरबाई दोन्ही वेळा म्हणाल्या.

शेवटी मुख्याध्यापकांनी बटण दाबलं. लोक आधीच हसायला लागले. डेनिशाने गुडघे आवळले, दात आवळले.

"मी दोन हजार माणसांना पोट धरधरून हसवायची," ती कडाडली. "बाई, आता मला संडासात जाऊ द्या."