ताई फ्रीच असते

"तू फ्रीच आहेस ना," म्हणत भावाने बाबांची चाकाची खुर्ची दारातून आत ढकलली आणि तो मोकळा झाला.

ताईच्या हातात इस्त्री होती. टेबलावर खाकी शर्ट पसरलेला, एक बाही तेवढी राहिलेली. चार वाजता बस डेपोत तिची ट्रायल होती, ड्रायव्हरच्या नोकरीची. आली नाहीस तर नाव कट, पुन्हा बोलावणार नाही, असं तिथल्या साहेबांनी तोंडावर सांगितलं होतं. भावाला तिने हे सोमवारी सांगितलं, काल पुन्हा सांगितलं. शिवाय हा महिना बाबांना सांभाळायची पाळी त्याची होती.

"बाळ्या, अरे आज माझी ट्रायल आहे!"

"मग पुढच्या वेळी दे की! आमची बाई आली नाही आज. हिचं ऑफिस, माझी मीटिंग. तू काय, घरातच असतेस." लिफ्टचं दार लागता लागता त्याने बाबांना टाटाही केला.

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फ्री म्हणे! काय मेला शब्द आहे! एका साबणावर दुसरा फ्री मिळाला की लोकांच्या उड्या पडतात. बसमध्ये सीट फ्री दिसली की धक्काबुक्की होते. भावजयीला अधूनमधून 'जरा फ्री' व्हायचं असतं, म्हणजे नवऱ्याला घेऊन फिरायला जायचं असतं. भाऊ कधीच फ्री नसतो, म्हणजे तो मोठा माणूस. आणि ही ताई सकाळपासून मशीनवर वाकून लोकांच्या पँटी आखूड करते, चेनी बसवते, तरी ती कायमची फ्री. शेजारणीचं पार्सल घ्यायला फ्री, कुणाच्या पोराला शाळेतून आणायला फ्री. बाबांच्या तोंडी हा शब्द यायचा तो गाडी गिअरमधून काढली की. उतारावर गाडी फ्री सोडलीस तर मेलास, असं ते नव्या ड्रायव्हरांना दरडावायचे. आयुष्यभर बस चालवलेला माणूस! आता उजवं अंग लुळं पडलेलं आणि जिभेवर मोजके शब्द उरलेले.

"आणि तुम्ही हो?" ती बाबांवरच उखडली. "तुम्ही का नाही बोललात त्याला? 'नको' एवढं तर येतं ना बोलता? जेवताना बरं येतं!"

बाबांनी मान फिरवली. मग त्यांची नजर टेबलावरच्या शर्टावर गेली. 

"आज?" त्यांनी विचारलं.

"हो, आजच. सांगितलं होतं तुम्हाला. पण जाऊ दे, मरू दे ती ट्रायल." तिने इस्त्रीचा प्लग खसकन उपटला. डोळे भरून आले आणि त्याचाही तिला संताप आला.

बाबांनी डावा हात उचलला आणि शर्टाकडे बोट केलं. "घाल."

"आणि तुम्हाला काय कपाटात ठेवू?"

"बाळ्याकडे," बाबा म्हणाले. "चल."

 मग एक बाही चुरगळलेली तशीच ठेवून तिने शर्ट अंगात घातला.

भावाचं ऑफिस डेपोच्या वाटेवरच होतं. टॅक्सीवाल्याने खुर्ची उतरवून दिली. "मॅडम, अपॉइंटमेंट?" रिसेप्शनवरची मुलगी म्हणेपर्यंत ताई खुर्चीसकट आत घुसलीसुद्धा. काचेच्या खोलीत लांबलचक टेबल, भोवती टायवाली माणसं, आणि भिंतीवरच्या पडद्याजवळ उभं राहून भाऊ काहीतरी समजावून सांगत होता. तिने खांद्याने दार ढकललं.

"बाळ्या," ती म्हणाली.

टायवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. इथे त्याला बाळ्या म्हणायची कुणाची छाती नव्हती.

"ताई, काय हे? मीटिंग चालू आहे! मी फ्री नाहीये आत्ता!"

"बरोबर आहे. मीही नाहीये." तिने खुर्चीला अडकवलेली पिशवी उघडली. गोळ्यांचा डबा टेबलावर ठेवला. त्याशेजारी नॅपकिन ठेवला. आणि पाण्याच्या चकचकीत बाटल्यांच्या रांगेत बाबांची लघवीची बाटली नीट उभी केली. "चुळबुळायला लागले की द्यायची. एका हाताने त्यांना ती धरवत नाही, तुलाच धरावी लागेल. पाळी तुझी आहे."

"तुला लाज नाही वाटत? सगळ्यांसमोर?"

"वाटते ना. इतकी वर्षं गप्प बसले त्याची वाटते."

भाऊ लाल झाला. त्याने टेबलाला वळसा घातला, दातओठ खात खुर्चीच्या मुठी धरल्या आणि ती दाराकडे वळवायला लागला. "मी बाबांना खाली ठेवतोय, वॉचमनजवळ. तू घेऊन जा, नाहीतर..."

ताई दारातच थांबली.  वॉचमनजवळ, रस्त्यावर? घड्याळाकडे तिचं लक्ष गेलं, तरी तिने खुर्ची घ्यायला हात पुढे केले. सवयच ती.

खट्.

खुर्ची जागच्या जागी थांबली. भावाने रेटली, पुन्हा रेटली, पण ती इंचभरही हलेना. बाबांनी डाव्या हाताने चाकाचा ब्रेक ओढून धरला होता. बोटं पांढरी पडली होती.

त्यांनी मुलाकडे पाहिलंही नाही. मान वळवली ती मुलीकडे. चुरगळलेल्या बाहीवरून त्यांची नजर तिच्या तोंडावर आली.

"क्लच," ते जड जिभेने म्हणाले, "हळू सोड."