खुर्चीत दिलेला अभिप्राय

"या शतकातली सर्वश्रेष्ठ कादंबरी!" असं मी दातांच्या डॉक्टरांना निक्षून सांगितलं, कारण मी त्यांच्या खुर्चीत आडवा होतो आणि त्यांच्या हातात सुई होती.

नऊ राजे आणि एक ड्रॅगन असलेली ती सातशे पानं म्हणजे त्यांचंच पहिलं पुस्तक.

"सगळे पेशंट असंच म्हणतात हो," डॉक्टर म्हणाले. "नेटवर मात्र एकाने लिहिलंय, ड्रॅगन जागा होईपर्यंत मी झोपलो होतो. खाली तुमचंच नाव आहे."

माझी दातखीळ बसली. त्यांनी उठून दार लावलं, मास्क खाली ओढला.


"खरं बोलणारे तुम्ही एकटेच भेटलात, काका. दुसरा भाग तेवढा नजरेखालून घालाल का? नऊशेच पानं आहेत."