सूर्याकडे पाठ

गेस्ट हाउसच्या गच्चीवर फोटोग्राफरने कॅमेऱ्याचा स्टँड पुन्हा एकदा सरळ केला. ग्रहणात सूर्याची बारीक कोर उरली होती.

"बसलीस का गं?"

"बसले," बायको म्हणाली. सूर्याकडे पाठ, हातात स्टॉपवॉच.

त्यांची ही जुनीच रीत. सूर्य पूर्ण झाकला की ती उरलेले सेकंद मोठ्याने सांगायची आणि त्या हाकांवर तो फोटो काढायचा. त्याचा डोळा कॅमेऱ्याला, तिचा घड्याळाला. त्याचे फोटो बघून माणसं तोंडात बोटं घालत. तो मात्र सांगायचा, "सगळं श्रेय हिचं. बिचारीने एकदाही वर पाहिलेलं नाही!"

एकच फोटो त्याला आजवर साधला नव्हता. सूर्य पुन्हा डोकावतो त्या क्षणी हिऱ्याच्या अंगठीसारखा चमकतो, तो. दरवेळी अगदी थोडक्यात हुकायचा आणि तो स्वतःच्या हाताला दोष द्यायचा. आता गुडघ्यांनी हात टेकले होते. हा शेवटचाच प्रवास. प्रदर्शनातली एक भिंत त्या फोटोसाठी रिकामी ठेवली होती.

अंधार धावत आला. पाखरं गप्प झाली.

"झाकला!" ती ओरडली, आणि तेवढ्यात तिच्या हातातलं घड्याळ कुणीतरी काढून घेतलं. वर पाहते तो नवरा.

"अहो, हे काय? फोटो!"

"खड्ड्यात गेला फोटो. जन्मभर तुला पाठमोरी बसवली. ऊठ, बघ."

त्याने तिला खांद्याला धरून वळवलं. काळ्या तबकडीभोवती शुभ्र तेज पसरलं होतं. त्यानेही ते कधी नुसत्या डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले. ती मात्र त्याच्याकडेच बघत राहिली आणि हमसून हमसून रडली.

अंगठी चमकली, विझली. कॅमेरा नुसताच उभा होता. असा नवरा मिळायला नशीब लागतं, दुसरं काय!

खोलीत आल्यावर तो आंघोळीला गेला, तशी तिने मुलीला फोन लावला. सगळं सांगता सांगता पुन्हा रडू फुटलं.

"आई, अगं रडतेस काय? बाबांनी तुला ग्रहण दाखवलं ना एकदाचं!"

तिने बाथरूमच्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"कसलं एकदाचं! वर एवढं चाललेलं असताना घड्याळात कोण बघतंय? प्रत्येक ग्रहण डोळे भरून पाहिलंय मी. सेकंद आपले अंदाजाने सांगायचे. म्हणून तर त्यांची अंगठी हुकायची गं!"